बिनगव्हाचा पाव

१६ जून २०२५

आज एंजलच्या दुखण्याला नाव मिळालं, आणि खरं लिहायचं तर मला आनंद झाला. पोरीला आजार निघाला म्हणून बापाला आनंद व्हावा हे बरं दिसत नाही. म्हणून दिवसभर बेकरीच्या गल्ल्यावर तोंड मिटून बसलो. पण गोष्ट पोटात राहीना. यीस्टच्या एजन्सीनं दिलेली डायरी कोरी पडली होती, ती काढली.

दोन वर्षं झाली, पोरीचं पोट फुगलेलं आणि हातपाय काड्यांसारखे. खाल्लेलं अंगी लागत नाही. नऊ वर्षांची आहे, पण नवखा माणूस विचारतो, "पहिलीत का गं?" जंतांची औषधं झाली, टॉनिकं झाली. शेजारच्या काकूंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, आमच्या चर्चच्या मंडळीत तिच्यासाठी उपास-प्रार्थना झाल्या. माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते इथंही लिहवत नाही. आणि आज डॉ. रोहिणी मॅडमनी दुर्बिणीच्या तपासणीचा रिपोर्ट समोर ठेवून सांगितलं, "सीलिअ‍ॅक आहे. हिला गहू सोसत नाही."

"बस? एवढंच?" मी म्हणालो. माझ्या बायकोनं, मेरीनं, टेबलाखालून माझा पाय दाबला.

मॅडमनी टॉवेलचं उदाहरण दिलं. आतड्याला आतून टॉवेलसारखी बारीक लव असते, अन्नातलं सत्त्व ती शोषून घेते. गव्हात ग्लुटेन नावाचं काहीतरी असतं. ते पोटात गेलं की हिचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर तुटून पडतं आणि लव झिजते. टॉवेलचा पंचा होतो. त्यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू, मैदा, रवा, जव जन्मभर बंद. तेवढं पाळलं की लव पुन्हा येते.

"पुन्हा येते?"

"लहान मुलांची तर भराभर येते."

मला तिथंच उडी मारावीशी वाटली. मग मॅडमनी विचारलं, "तुम्ही काय करता?"

"बेकरी आहे आमची. सावेडीत."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

निघताना म्हणाल्या, हे रक्ताच्या नात्यात असू शकतं, तुम्हीही दोघं रक्त तपासून घ्या. मेरी घेईल करून. मला काय धाड भरलीय? सध्या तोंड आलंय आणि पायात गोळे येतात, पण भट्टीपुढे जन्म काढणाऱ्याचं दुसरं काय होणार!

१७ जून

एंजलला आज सांगितलं. मेरी शाळेत शिक्षिका, तिनं फळ्यावर समजावावं तसं नीट समजावलं. पोरगी शांतपणे ऐकत होती. मग तिची यादी सुरू झाली.

"चपाती नाही?"

"नाही."

"मॅगी?"

"नाही."

"खारी? पण आपल्या बेकरीतली चालेल ना? ती पप्पा करतात."

मेरी उठून आत गेली. मी काय बोलावं? मी म्हणालो, "पाव मी तुला करून देतो. गव्हाशिवायचा. असा मऊ की दाबला तर परत वर आला पाहिजे."

"खरंच?"

"शांतवन उजागऱ्याचा शब्द आहे."

शब्द देताना मोठी गंमत वाटली. अंगावर काटा आला. मैद्याचं कुणीही करतं! माझ्या आजोबांपासून आमची भट्टी पेटलेली, पण असा पाव अख्ख्या नगरमध्ये कुणी केला नसेल. मीच करणार.

२९ जून

केला. ज्वारीचा. फुगला नाही, कोरड्या पडलेल्या तळ्यासारखा तडकला. आमचा भट्टीवरचा वाल्मिक पाथर्डीकडचा. त्यानं तो हातात घेतला, टेबलावर आपटला, कान लावला.

"मालक, ह्यो पाव न्हाई. ही ईट हाय."

बाजरीचा केला तो काळा दगड झाला. तांदळाचा केला, त्याची सकाळी पिठी झाली. मी मात्र खुशीत आहे. कारण मला आता कळलं की भांडण कुणाशी आहे. मैदा मळताना हाताला जो चिवट ताण लागतो, ओढलं तर ताणून परत येतो, तेच ते ग्लुटेन. पंचवीस वर्षं मी त्यालाच तर मळतोय! पाव फुगतो तो त्याच्याच जोरावर. ते काढलं की पिठाला धरून ठेवणारं कुणी राहत नाही. म्हणजे आता धरून ठेवणारा दुसरा शोधायचा.

५ जुलै

मेरीनं आज स्वयंपाकघर उलटंपालटं केलं. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात मैदा लिहिलेला सापडला. हिंगात मैदा! सोया सॉसमध्ये गहू! मला वाचूनच मजा वाटली, जणू चोर पकडायचा खेळ. मेरीला मजा वाटली नाही. तिनं डबी फेकली ती थेट अंगणात.

तिचा रिपोर्ट आला, तिला काही नाही. "आता तुमचं रक्त द्या," म्हणते. पाव झाल्यावर देईन म्हणालो. वेळ कुठाय?

१२ जुलै

झाला! झाला! पाव झाला!

इसबगोल! किती सोपं होतं. पाण्यात भिजवलं की त्याचा चिकट गोळा होतो, तो पिठाला धरतो. औषधांच्या दुकानात डबे मागितले तर दुकानदार हळूच म्हणाला, "शांतवनभाऊ, एवढी तक्रार असेल तर डॉक्टरांना दाखवा." मी हसत सुटलो.

ज्वारी ताजी दळून आणली. लंकाबाईंच्या गिरणीत गर्दी होती, पण त्यांनी ओळखीनं एका बाईचे गहू काढले आणि लगेच माझी ज्वारी घातली. ज्वारी, थोडा तांदूळ, थोडा साबुदाणा, इसबगोल, यीस्ट. आमच्या मोठ्या टेबलावरच मळलं. साच्यांना तूप लावलं, वरून पीठ भुरभुरवलं. त्यात कसली कृती सांगायची, हात आपोआपच जातो. भट्टीचं दार उघडलं तर सगळे साचे वर आलेले! मी वाल्मिकला मिठी मारली. तो म्हणाला, "मालक, भाजंल की!" केविन, म्हणजे मेरीचा धाकटा भाऊ, बेकरीत माझ्या हाताखाली असतो, त्यानं मोबाईलवर व्हिडिओ काढला.

घरी पळत गेलो, तसाच, एप्रनवर. एंजलनं पाव दाबला. तो वर आला. तिनं पुन्हा दाबला. मग लोणी लावून खाल्ला, परत मागितला, परत मागितला. खाताना डोळे मिटून घेतले होते.

माझ्यासारखा सुखी माणूस आज सावेडीत नसेल.

१९ जुलै

एंजलचं पोट पुन्हा बिघडलं. उलट्या. पावसाचं गढूळ पाणी नळाला येतंय, त्याचं असणार. बाकी काही खायला नको म्हणते, म्हणून मी माझा पावच थोडा थोडा देतोय. निदान तो तरी निर्धोक.

२६ जुलै

कमी नाही. रोज ताजा पाव करून नेतो. मेरी म्हणाली, "अहो, पाव बंद करून बघू या का?" मी चिडलो. म्हणालो, त्यातलं कणन् कण मला माहीत आहे, मी माझ्या हातानं करतो. ती माझ्या हाताकडे बघत राहिली. 

माझंही तोंड पुन्हा आलंय. घास गिळवत नाही. काळजीनं असेल.

२ ऑगस्ट

लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

वजन उतरलं. रोहिणी मॅडमनी विचारलं, काय खाते? मी अभिमानानं पावाची सगळी कृती सांगितली. इसबगोलचा भाग जरा रंगवूनच सांगितला. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "दळता कुठं?"

"गिरणीत."

"त्याआधी गिरणीत काय दळलेलं असतं?"

मला लंकाबाईंनी काढलेले ते गहू आठवले.

"मळता कुठं? भाजता कशात? साच्यांना पीठ कसलं लावता?"

पीठ कसलं! मैदा, दुसरं कसलं? पंचवीस वर्षांची सवय. मला खुर्चीत बसवेना.

मॅडमनी टेबलावरून हात पुढे करून माझी बाही झटकली. काळ्या टेबलावर पांढरं पडलं. त्या रागावल्या नाहीत, हळू आवाजात म्हणाल्या, "एवढंही तिला पुरतं." एंजल शेजारीच बसली होती, माझ्या अंगावर रेलून. रोज संध्याकाळी मी घरी आलो की पळत येऊन ती ज्या शर्टाला बिलगते, तोच हा शर्ट.

म्हणजे मी तिला औषध म्हणून रोज तेच देत होतो.

बाहेर आल्यावर मेरी मला बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त माझा दंड धरला आणि वरच्या मजल्यावर रक्त घेतात तिथं नेलं. म्हणाली, "आधी तुमचं." मी मुकाट्यानं दिलं.

९ ऑगस्ट

मलाही आहे.

१० ऑगस्ट

काल एवढंच लिहून डायरी मिटली. आज नीट लिहितो.

रक्तात निघालं. आता दुर्बीण घालून बघायची, आणि ते होईपर्यंत गहू सोडायचा नाही, नाहीतर खोटं दिसतं म्हणे. तोंड येणं, पोटऱ्यांत गोळे, रक्त कमी, सगळ्याची संगती लागली. मॅडम म्हणाल्या, उडतं पीठ नाकातोंडातून पोटात जातंच, तेव्हा तपासणीनंतर तुम्हाला बेकरीत उभं राहता येणार नाही.

तीन पिढ्यांचा बेकरीवाला, आणि त्याला पीठ चालत नाही! मी घरी येऊन खाटेवर पडलो. एंजल आली. मेरीनं तिला सांगितलेलं होतं. दारातूनच म्हणाली, "पप्पा, तुम्ही पण?"

"हो गं."

"म्हणजे माझ्यासारखंच? चपाती नाही, मॅगी नाही, काहीच नाही?"

"काहीच नाही."

तिनं दोन्ही हात वर करून अशी किंकाळी मारली की शेजारच्या काकू धावत आल्या. मग ती खाटेवर उड्या मारायला लागली. "पप्पांना पण आहे! पप्पांना पण आहे!" काकूंना वाटलं लॉटरी लागली. मी हसायला लागलो, हसता हसता रडलो, आणि मेरीही. त्या पोरीला एकटीला सगळं सोसायचं होतं, ते आता एकटीला नाही. मला एवढं चांगलं निमित्त मिळालं, आणि मी खाटेवर पडून काय करतोय?

१८ ऑगस्ट

उद्या दुर्बीण. आज शेवटची खारी खाल्ली. वाल्मिकनं गरम काढून दिली. पापुद्रा न् पापुद्रा सुटा करून खाल्ला. वाल्मिक तोंड फिरवून भट्टीत उगाच काहीतरी हलवत होता. म्हणाला, "मालक, आमी हाय न्हवं. भट्टी इझू द्यायचो न्हाई."

२४ ऑगस्ट

दुर्बिणीतही तेच निघालं. आज केविनशी बसून बोललो. मी म्हणालो, बेकरी तू सांभाळ, मी बिनगव्हाचं वेगळं काढतो. तो घाबरला.

"दाजी, लोक पाव-टोस्ट घेतात म्हणून आपलं घर चालतं. तुमचा तो पाव कोण घेणार? नगरमध्ये असे आजारी किती असतील?"

"दोन तर याच घरात आहेत."

"थट्टा नका करू."

"थट्टा नाही, केविन. मला तर बेकरीत पाऊल टाकता येत नाही. मग हातानं काय करू? गप्पा मारत बसू?"

तो बराच वेळ नखं खात बसला. मग म्हणाला, "भट्टी मी बघतो. पण खारीचं पीठ घडी कसं घालायचं ते एकदा नीट दाखवा, माझी फुलत नाही." उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून, तोंडाला रुमाल बांधून मी लांबूनच त्याला घड्या सांगितल्या. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते.

३ सप्टेंबर

घरामागची स्कूटर ठेवायची खोली धुतली, घासली, पुन्हा धुतली. कोरी परात, कोरे साचे, छोटा विजेवरचा ओव्हन आणि घरघंटी! आमच्या या घंटीनं गहू पाहिलेलाच नाही. मेरीनं दारावर कागद चिकटवला: "बेकरीतून आलेल्यांनी आत येऊ नये. पप्पांच्या जुन्या शर्टांनीही नाही."

एंजलनं घंटीत पहिली ओंजळ घातली. भरभर आवाज झाला तशी ती नाचायला लागली. मीही नाचलो. खोलीत जागा कमी, परात पडली.

७ सप्टेंबर, रविवार

आज चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. ताट माझ्यापुढे आलं. त्यातला पाव आमच्याच बेकरीचा, दर महिन्याला तिथूनच जातो. मी तो घेतला नाही, नुसता द्राक्षरस घेतला. मनात पाप असेल तर हा घास घेत नाहीत, म्हणून मागच्या बाकावर कुजबुज झाली. शांतवननं असं काय पाप केलं, कुणास ठाऊक!

मला वाटलं होतं की मला काही वाटणार नाही. पण वाटलं. लहानपणी बापाशेजारी बसून मी या घासाची वाट पाहायचो.

संध्याकाळी आमचे पाळक इमॅन्युएल साहेब घरी आले. सगळं ऐकून घेतलं. मी म्हणालो, "साहेब, माझ्यापुरता तुकडा मी घरून आणला तर चालेल का?"

"नाही चालणार," ते म्हणाले.

माझा चेहरा पडला.

"एकाचा वेगळा आणि बाकीच्यांचा वेगळा, असं त्या मेजावर नको. तुम्ही सगळ्यांचाच करा."

१२ सप्टेंबर

मंडळीच्या बैठकीत एका वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली म्हणे. पवित्र भाकर गव्हाचीच हवी. पाळकसाहेब म्हणाले, "काका, तुमच्या-माझ्या पणज्यांच्या घरी गहू सणावारी दिसायचा. त्यांनी पहिल्यांदा प्रभूचं नाव घेतलं ते ज्वारी-बाजरीची भाकरीच खाऊन." काका म्हणाले, ठीक आहे, पण चव चांगली पाहिजे. चवीचं माझ्याकडे लागलं!

५ ऑक्टोबर, रविवार

चव चांगली होती. काकांनी उपासनेनंतर हळूच विचारलं, उरलाय का?

मी पहिला घास घेतला तेव्हा मेरीकडे बघायचं टाळलं. पण तिनं बघितलंच.

१ नोव्हेंबर

एंजलचे गाल! मी मुद्दाम लिहिलं नव्हतं, म्हटलं दृष्ट लागायची, आणि आपण तर दृष्ट मानत नाही. पण आज फ्रॉकची बटणं पाठीवर लागेनात. मेरी ओरडली, "अहो, हिला फ्रॉक होईना!" एखादी बाई सोनं सापडल्यावर ओरडावी तशी. दोघी लगेच कापडबाजारात गेल्या.

माझं तोंड महिनाभर आलेलं नाही. जिना चढून गेलो आणि वर गेल्यावर आठवलं की आपल्याला दम लागायचा.

२३ नोव्हेंबर

ख्रिसमसची तयारी. करंजी तांदळाच्या पिठीची, शंकरपाळे ज्वारीचे, नानकटाई बेसनाची, केक नाचणीचा. केक दोनदा बसला, तिसऱ्यांदा उठला. केविननं व्हिडिओ काढून कुठं कुठं पाठवला, आणि कालपासून फोन थांबत नाही. संगमनेर, श्रीरामपूर, एक तर थेट भंडारदऱ्याच्या पलीकडून. सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच: "भाऊ, नक्की ना? भेसळ नाही ना?" मी म्हणतो, "बाई, माझीच पोर खाते." पलीकडे एकदम श्वास सोडलेला ऐकू येतो.

किती घरांत ही भीती मुकाट्यानं बसलेली असेल! केविनला म्हणालो, असे किती ते मोज आता. तो म्हणाला, "दाजी, तुम्हीच जिंकलात, पण मला पाव भाजायला जाऊ द्या."

१३ डिसेंबर

आज दुकान उघडलं. त्याच खोलीला गल्लीकडून दार पाडलं, काचेचं एक कपाट ठेवलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. वाल्मिक नवे कपडे घालून आला, पण दाराबाहेरच उभा राहिला. "न्हाई मालक, आंगाला पीठ आसंल." शेवटी मीच बाहेर जाऊन त्याला केक दिला.

दुपारनंतर राहात्याहून स्नेहल नावाच्या एक बाई आल्या, एसटीनं. बरोबर सहाएक वर्षांची मुलगी, दिशा. मुलीला दोन वर्षांपासून हाच आजार. बाई दारातच बोलायला लागल्या: शाळेत वाढदिवस असला की ही बाहेर बसते, लग्नाला नेलं की नुसता भात, मामाकडे गेलं की डबा बरोबर. मुलीला पक्कं शिकवलंय म्हणाल्या, विचारल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही.

दिशा आईच्या ओढणीला धरून कपाटासमोर उभी राहिली. बोट काचेवर टेकवलं.

"हे मला चालतं?"

"चालतं," मी म्हणालो.

"हे?"

"चालतं."

"आणि हे गोल?"

"तेही चालतं."

तिनं आईकडे पाहिलं. स्नेहलबाईंनी मान हलवली. बोट पुढे सरकलं. पाव, नानकटाई, करंजी, टोस्ट, केक. खालचा खण, मधला खण, मग एंजलनं तिला उचललं आणि वरचा खण. "चालतं. चालतं. चालतं गं." एंजलही माझ्याबरोबर म्हणायला लागली होती. शेवटचा डबा संपला. दिशाच्या कपाळावर आठ्या, जणू हिशोब चुकला.

"सगळंच?"

"सगळंच."

आता हवं ते घे म्हटलं तर तिला काही सुचेना. स्नेहलबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, मेरीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता. दिशानं काही घेतलं नाही. ती वळली, दाराबाहेर गेली, पायरीवर जरा थांबली. मग परत आत आली, कपाटासमोर उभी राहिली, पहिल्या पावावर बोट ठेवलं आणि हसत हसत पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागली.